न विचारता आणलेलं रोप

साखर कारखाना वसाहत, श्रीगोंदा
दि. १२ जुलै १९७१

विहीणबाई गोजरबाई यांना बायडाबाईचा नमस्कार.

तुमची लेक चांगुणा खुशाल आहे. भाकरी जाड थापते, पण शिकेल. तुमचे जावई कानिफनाथही खुशाल. आमचे हे कारखान्यात बॉयलरवर जातात आणि येताना मळीचा आंबूस वास अंगावर घेऊन येतात. आधी न्हाणीत, मग घरात, असा मी दंडक घातलाय. माझी तीन बुकं झालेली, लिहायचा कंटाळा, म्हणून मुद्द्याचं लिहिते.

लग्न चांगलं केलंत. पण मांडवामागची तुमची ती मोरी! शी! उष्ट्या पत्रावळी, त्यावर कुत्री, आणि शेजारच्या रेल्वेच्या गोदामातल्या सडक्या गव्हाचा भपकारा. माझ्या बहिणीला घास गिळेना. लेकीच्या लग्नाला तरी राख टाकायची होती. राग मानू नका, मला पोटात ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट. निघताना मागल्या दारानं मी तुमच्याकडचं एक रोप उचललं. मुळाला ओली माती लावून पदरात बांधलं आणि स्टँडवर येईपर्यंत मागं वळून बघितलं नाही. रोप मागून आणलं की लागत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असणार. माझ्या दारात गुलाब, क्रोटन, मोगरा, अबोली, सगळं डालड्याच्या डब्यांत आणि फुटक्या माठांत आहे, आणि एकही रोप मागितलेलं नाही. साहेबाच्या बंगल्यावरचा क्रोटन तर मी साहेबीण समोर उभी असताना मोडलाय. आमच्या शेजारची छबूबाई तेवढी खिडकीत प्लास्टिकची फुलं लावते आणि ती रॉकेलनं पुसते. 

कोणतं रोप ते सांगणार नाही. तोंडानं नाव घेतलं की नजर लागते. पण लागलंय. पानावर पान काढतंय.

बायडाबाई

*

गोदामामागं, श्रीरामपूर
दि. ३ ऑगस्ट १९७१

बायडाबाईंना गोजरबाईचा नमस्कार.

पत्र पावलं. मोरीबद्दल लिहिलंत, खरं आहे. दीडशे पान जेवलं, त्यात शंभर तुमच्याकडचं, तेव्हा पत्रावळी तेवढ्या पडणारच. असो. आमचे मालक त्याच गोदामावर पहारेकरी, त्यांनी साहेबाच्या मागं लागून मोरीकडचं सगळं रान काढवलं आणि शहाबादी फरशी घालून घेतली. आता तिथं बसून जेवलात तरी चालेल. पुढच्या खेपेला तिथंच पान मांडते तुमचं.

रोप नेलंत ते मी ओळखलं. सांगू नका, मीही विचारत नाही. पण पांढऱ्या शेवंतीच्या कुंडीतला एक फुटवा गायब आहे आणि आमच्या पोरांना मी उगीच धपाटे घातले. नेलात तर नेलात. माझ्या आईच्या हातची शेवंती आहे ती, चांगल्या घरी गेली. फक्त एक ऐका. तिला लोखंड लावू नका. शेंडे नखानं खुडायचे, म्हणजे झुडूप भरतं. आणि पाणी, खुडणं, सगळं चांगुणाच्या हातनं करून घ्या. लहानपणापासून आमच्या शेवंतीला तिचाच हात. तिच्या हाताला फूल येतं, माझ्या हाताला येत नाही.

लेकीला माझी आठवण सांगा. भाकरी ती जाडच करते, तिच्या बापाला तशीच लागते.

गोजरबाई

*

श्रीगोंदा
दि. ६ ऑक्टोबर १९७१

विहीणबाईंना नमस्कार.

तुम्ही म्हणता ते नाव मी घेत नाही, पण तुमची ही जात निराळी दिसते. आमच्याकडच्या पानासारखं हिचं पान नाही, आणि फूलही गणपतीतच आलं, बारीक, राळ्याच्या दाण्यासारखं. पण आलं किती! पांढरं धोट. गणपतीच्या मखराला मी त्याचीच झालर केली. सगळी वसाहत बघून गेली, आणि बघून गेलेल्या एकीनंही रिकाम्या हातानं पाय काढला नाही. सकाळी बघते तर कडेची रोपं उपटलेली. छबूबाईच्या न्हाणीमागं आहे, वॉचमनच्या दारात आहे, शाळेच्या कुंपणाला आहे. चोरट्या मेल्या! पण मला काय, मीही तसंच आणलं. ह्या रोपाला चोरीच मानवते असं दिसतं. पाऊस गेला, बाकीची झाडं माना टाकतात, हे मात्र हिरवंगार. शेळीसुद्धा हुंगून तोंड फिरवते, म्हणजे राखणही नको.

चांगुणा रोज खुडते, तुम्ही लिहिलंत तसं. पण आता नवं नाटक निघालंय. खाजवते. आधी हात, मग मान, आता पापण्या. सकाळी उठली की डोळे बेडकासारखे. मानेवर चामडी जाड झाली आहे, म्हशीच्या मानेसारखी, आणि ती नखानं ओरबाडते, मग त्यातनं पाणी गळतं आणि त्याच हातानं पीठ मळते. मी ताट सरकवलं. माझ्यानं जेववेना. वांगं बंद केलं, तेल बंद केलं, रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी बंद केली. फरक नाही. तुमच्या घरात कुणाला असलं काही आहे का ते खरं लिहा.

दिवाळसणाला पाठवत नाही. असलं तोंड घेऊन पोरगी माहेरी आली तर लोक म्हणतील आम्ही मारतो.

बायडाबाई

*

श्रीरामपूर
दि. ११ ऑक्टोबर १९७१

बायडाबाईंना नमस्कार.

पत्र वाचलं. आमच्या घरात असलं कुणाला नव्हतं, नाही. तिचं अंग लग्नात तुम्ही पाहिलंत. हळद लावणाऱ्या बायका म्हणत होत्या, पोरीच्या अंगावर पाणी ठरत नाही. तुमच्या कारखान्याच्या नाल्याचं काळं पाणी कुठं मुरतं ते आधी बघा. मळीवर माश्या, माश्या अन्नावर, आणि दोष आमच्या घराला.

तरी उपाय सांगते. कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घाला. मग शेवंतीचा पाला वाटून चेहऱ्याला आणि मानेला लेप द्या. आमची आई घामोळ्यावर, उन्हाच्या फोडावर तोच लेप द्यायची. थंड असतो. कोवळी पानं घ्या, पाणी न घालता वाटा, आणि लेप वाळेपर्यंत तिला हात लावू देऊ नका. पोरगी लेप लावून घ्यायला कुरकुर करते, लहानपणापासून. ऐकू नका. धरून लावा.

फूल लवकर आणि बारीक आलं म्हणता. माती बदलली की होतं तसं.

दिवाळीला तिच्या वाट्याचं फराळाचं ताट मी बाजूला काढून ठेवणार.

गोजरबाई

*

[उघडं कार्ड]
श्रीगोंदा
दि. २ नोव्हेंबर १९७१

गोजरबाई यांस.

तुमच्या सांगण्यावरनं धरून लेप लावला. रोज लावला. आता पोरीकडं बघवत नाही. तोंड सुजून भोपळा, डोळ्यांच्या फटी, गालाच्या खपल्या निघून पिवळं पाणी उशीवर. उशीला माश्या बसतात. घरात वास येतो. शेजारणी महारोग म्हणतात. आमच्या घरचं पाणी कुणी पीत नाही. मी ओकले, खोटं कशाला बोलू. रोगट माल गळ्यात बांधलात. कानिफनाथ उद्याच्या एस्टीनं तिला आणून सोडतो. तुमची लेक तुम्हाला. बरी झाली तर कळवा, नाही झाली तर कळवू नका. मी पोराचं दुसरं बघते.

मुद्दाम कार्डावर लिहिलं. पाकीट आम्हाला परवडत नाही असं समजा.

बायडाबाई

*

श्रीरामपूर
दि. २४ जानेवारी १९७२

बायडाबाई,

तुमचं कार्ड पोस्टमननं आधी चौकातल्या हॉटेलात वाचलं, मग किराणा दुकानात, आणि शेवटी माझ्या हातात दिलं. देताना दोन बोटांच्या चिमटीत धरलं होतं. कार्डालाही रोग लागतो वाटतं. त्या आठवड्यात आमच्या धाकटीला बघायला पाहुणे यायचे होते. त्यांनी निरोप धाडला की मुलगा सध्या लग्न करत नाही. मुलगा सध्या दुसरीकडं मुली बघतो आहे. हे मी पाकिटातनं लिहिते, कारण माझ्या घरची गोष्ट माझ्या घरात राहावी असं मला वाटतं. तुम्हाला ते कळणार नाही.

आता दुसरं ऐका. चांगुणा बरी आहे. औषध असं फार काही नाही. मिशनच्या दवाखान्यातल्या बाईंनी हात बघितला, सुई टोचून बघितली, म्हणाल्या हा महारोग नाही, असल्या रोगात चामडीला कळत नाही आणि हिला तर फार कळतं. ‘ही कशाला हात लावते?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सासूच्या पायाला. त्या हसल्या नाहीत. मलम दिलं, ते संपायच्या आत खपल्या पडल्या. आता गाल बघाल तर दुधावरची साय. आमच्या शेवंतीला यंदा भरघोस फूल आलं, ती सकाळी वेणी करून बसते आणि दाराकडं बघते. मी विचारलं, कुणाची वाट बघतेस? म्हणाली, ‘कुनाची न्हाई. एस्टीचा आवाज आल्यावानी वाटलं.’

ती तुमच्याबद्दल एवढंच बोलली, ‘आत्याबाई म्हनत्यात मी नाटक करती. नाटक करून कुनाच्या पापनीतनं पानी गळतं का गं आई?’

ते मी तुम्हालाच विचारते. उत्तर येत असेल तर लिहा.

गोजरबाई

*

श्रीगोंदा
दि. ९ एप्रिल १९७२

विहीणबाई,

ह्या खेपेला पाकीट. का ते पुढं कळेल.

पाडव्याला कानिफनाथ मला न सांगता तिकडं येऊन चांगुणाला घेऊन आला. मी दारातच म्हटलं, ‘कुणाला इचारून आणलीस?’ तर म्हणतो, ‘तू झाडं कुनाला इचारून आनतीस?’ बापाला हसू आलं. मी दोघांनाही त्या दिवशी वाढलं नाही. रात्री पोरगा स्वतः भाकरी घेऊन बसला आणि म्हणाला, ‘आये, तिला नांदवायची नसंल तर मलाबी वाढू नगं.’ ‘न्हाई वाढत, जा,’ म्हटलं. गेला नाही, वर कांदा मागितला.

तोंड खरंच स्वच्छ झालं होतं. मी नीट बघितलं, कानामागंसुद्धा. म्हटलं, चला, झालं गेलं. दुसऱ्या दिवशी आपल्या आपण माठ उचलून झाडांना पाणी घालायला गेली. आणि पंधरवडा सरला नाही तर परत तेच! मान, पापण्या, कोपराची लवण. परत ते पाणी, परत तो वास, परत उशी. मला शिसारी येते. मी तिचं ताट-वाटी वेगळं केलं, ओसरीत अंथरूण दिलं, तर कानिफनं आपलं अंथरूणही ओसरीत नेलं. तुमच्या दारात पोरगी बरी होते आणि माझ्या दारात सडते, म्हणजे घाण आम्ही, असंच ना? दवाखान्यातल्या बाईंना हेच म्हणायचं होतं का? रोज सारवते मी, विहीणबाई. माझ्या दारातल्या फुलावर धूळ नसते. आमच्याकडं येऊन कुणी बोट फिरवून बघावं.

आणि तुमचं तर प्रत्येक पत्रात शेवंती शेवंती. शेवंतीनं काय दिवे लावले ते आता उघड सांगते, नजर लागली तर लागली. तुमची कुंडीतली शेवंती काय फुलेल असं माझ्या दारात फुललंय. दुष्काळानं माझा गुलाब गेला, मोगरा गेला, अबोलीच्या काटक्या झाल्या, साहेबाच्या बंगल्यावरची लॉन करपली. फक्त हे उभं आहे. दारापासून नाल्यापर्यंत पांढरं. वसाहतीत माझ्या नावानं ओळखतात, ‘बायडाबाईचं फूल’ म्हणतात. पाकिटात एक डहाळी घालते. बघा, तुमच्या दारचं रोप चांगल्या हातात पडलं म्हणजे काय होतं. मला मात्र त्याच दारचा असला माल मिळाला.

माझ्याही बोटांच्या बेचक्यांत हल्ली फुटकुळ्या येतात. घामोळं आहे. तुमच्या लेकीचं लागलं नसेल तर नशीब.

परवाच्या एस्टीनं चांगुणा येते आहे. ह्या खेपेला कायमची. आखितीला आमची चार माणसं बसतील आणि काडीमोड करतील. कानिफ उड्या मारतो, मारू दे. तुमची माणसं पाठवायची तर पाठवा.

बायडाबाई

*

श्रीरामपूर
दि. १७ एप्रिल १९७२

बायडाबाई,

चांगुणा आधी पोचली, तुमचं पाकीट दुसऱ्या दिवशी. ते मी ओट्यावर फोडलं आणि डहाळी मांडीवर पडली. मी आधी हसले. तोंडाला पदर लावून हसले, कारण आत पोरगी मलम लावून निजली होती. मग हसू गेलं. मग मी ती डहाळी चिमट्यानं उचलून चुलीत घातली आणि साबणानं हात धुतले, परत धुतले.

बाई, ही शेवंती नाही. हे फूलच नाही. आमच्या मोरीच्या कडेला, गोदामातला सडका गहू झाडून टाकतात तिथं उगवलेलं रान आहे हे. गाजरगवत म्हणतात इथं. बाहेरदेशच्या गव्हाच्या पोत्यांतनं आलं म्हणे. रांगेनं दिसलं असेल तुम्हाला, कारण मोरी रांगेनं वाहते. बाजूला फुटक्या विटा होत्या, त्याचा तुम्हाला वाफा वाटला असेल. मागं मोरीकडचं रान काढवलं म्हणून तुम्हाला लिहिलं होतं, ते हेच. ते उपटणाऱ्या बायांचे हात अशाच खपल्यांनी भरले होते, एकीचे डोळे मिटले होते. मालकांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. पण मला काय ठाऊक, की तुम्ही माझी शेवंती, तुळस, कर्दळ सोडून मोरीतला कचरा पदरात बांधून नेलात! कुंडीतला फुटवा पोरांनीच मोडला होता. धपाटे बरोबर जागी बसले होते.

एक शब्द विचारला असतात. ‘गोजरबाई, हे काय?’ एवढाच. मी म्हटलं असतं, ‘घाण आहे, टाका.’

पण मला तुमच्यावर पोटभर ओरडताही येत नाही. शेंडे नखानं खुडायला मी लिहिलं. चांगुणाच्याच हातनं खुडून घ्या, हेही मीच. आणि धरून लेप लावा हे कुणी लिहिलं? माझ्या अक्षरात आहे ते. तुमच्याकडं पत्र असेल तर जाळा, माझ्यानं बघवणार नाही.

मी चांगुणाला उठवून विचारलं, ‘तुला आपली शेवंती कळत नाही होय गं?’ म्हणाली, ‘कळती की. पहिल्याच दिशी म्या म्हनले, आत्याबाई, ही शेवंती न्हाई. तर म्हनल्या, नाव घिऊ नगं, नजर लागंल. लेपाच्या टायमाला बी म्हनले. तर तुझं पत्र तोंडापुढं धरलं, म्हनल्या, आईपरीस तुला जास्त कळतंय व्हय?’ मग भिंतीकडं तोंड करून निजली.

दोन्ही आयांनी मिळून तिचं तोंड सोललं, बायडाबाई. आता तुम्हाला किळस यायची तर आपल्या दोघींची येऊ द्या.

काडीमोडाचं म्हणता. आमच्याकडून कुणी येणार नाही. आधी ते गवत जाऊ दे. तुमच्या दारातलं, नाल्यातलं, आणि तुमच्या नावानं ज्यांच्या दारी वाढतंय त्यांच्याही दारातलं, मुळासकट. फूल धरायच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर बी उडतं. ते झाल्याशिवाय मी लेकीला तिकडच्या एस्टीत बसवणार नाही, मग कानिफनाथरावांनी माझ्या ओट्यावर मुक्काम केला तरी. (काल संध्याकाळपासून केलाच आहे. जेवतात चांगलं.)

आणि दुसरी अट. माझ्या लेकीची अब्रू उघड्या कार्डानं गेली. ती पाकिटातनं परत घेणार नाही.

गोजरबाई

*

[उघडं कार्ड, नंबर एक]
श्रीगोंदा
दि. ६ मे १९७२

श्रीरामपुरात गोदामामागं राहणाऱ्या गोजरबाई यांना, आणि वाटेत जो जो वाचेल त्याला.

एका कार्डात मावेना म्हणून दोन लिहिते. अक्षर वाकडं आहे कारण बोटं केळ्याएवढी झालीत आणि पेन्सिल दोन हातांत धरावी लागते. तुमचं पत्र वाचलं आणि दोन दिवस मी ते खोटं धरलं. मग एक पान घेऊन दंडावर चोळलं. मला शिकवायला कुणी नको. दंड बघून कळलं.

माझं सगळं उपटलं. फूल म्हणून ज्याला आरतीत मिरवलं ते खराट्यानं गोळा केलं. जाळायला गेले तर धूर डोळ्यांत, डोळे मिटून गेले. मग नाल्यापलीकडं खड्डा करून पुरलं. घामासकट ते अंगाला चिकटतं आणि मग आपल्याच चामडीचा आपल्याला वीट येतो. माझ्या मानेवरनं आता तसंच पिवळं पाणी गळतं आणि माझ्याही उशीवर माश्या बसतात. ह्यांनी माझं ताट वेगळं केलं नाही. त्याची लाज जास्त वाटली.

पुढचं दोन नंबरवर.

*

[उघडं कार्ड, नंबर दोन]

मग दारोदार गेले. छबूबाईला म्हटलं, न्हाणीमागचं काढ. म्हणते, ‘माझ्याकडं कुठनं यील? मी काय चोर हाय?’ आणि मागं कमरेएवढं उभं. आणि बोलता बोलता मान खाजवते! सगळ्या तशाच. कुणीच नेलं नाही, कुणाकडंच नाही, आणि दारं लावून सगळ्या खाजवतात. शेवटी न विचारता आणलेलं मी न विचारताच उपटलं, शिव्या खाऊन. शाळेच्या कुंपणाचं तेवढं राहिलंय, ते उद्या.

आता पोस्टमनदादा, मागचं कार्ड हॉटेलात वाचलंत, हेही तिथंच वाचा, आणि दुकानातही. बसून नाही, उभं राहून. माझी सून चांगुणा हिला कसलाही रोग नाही, नव्हता. तिच्या माहेरी कुणाला नाही. रोग मी आणला, पदरात बांधून, मागं न बघता. तिनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि मी तिला गप्प केलं. ज्यांनी धाकटीला बघायचं टाळलं त्यांनी हे कार्ड आपल्या डोळ्यांनी वाचावं.

आखितीला आमच्यातली चार माणसं कुठंही बसणार नाहीत. मी एकटी येते आहे. चांगुणा येते म्हणाली तर घेऊन जाईन. नाही म्हणाली तर तुमच्या फरशीवर न बसता तशीच स्टँडवर जाईन, कानिफ तुमच्याकडंच राहू दे.

आणि एक. तुमच्या पांढऱ्या शेवंतीचा फुटवा द्या. मागून आणलेलं लागत नाही म्हणतात. मी मागते आहे.

बायडाबाई